जरा माऊस इकडे देता का?

दुसरा माणूस कॉम्प्युटर चालवत असताना त्याच्या मागे गप्प उभं राहणं हा प्रकार ज्याने सोसलाय त्यालाच हे कळेल. स्वतःचा कॉम्प्युटर हँग झाला तर एवढं काही वाटत नाही, निदान दोन शिव्या घालून मोकळं होता येतं. पण इथे कॉम्प्युटर चांगला धडधाकट असतो, आणि खुर्चीतला माणूस एक शब्द कॉपी करायला आधी माऊस ओढत ओढत तो निवडणार, मग शेजारचं अर्धं अक्षर जास्तीचं आलं म्हणून सोडून देणार, परत निवडणार, मग राइट क्लिक, मग तो मेनू वरून खाली एकेक ओळ वाचत जाणार, कॉपी सापडलं की 'हं, हे बघा' म्हणणार, आणि पेस्ट करायच्या जागी पोचला की तोच मेनू पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेणार. जणू मधल्या वेळात कोणी तो बदलून ठेवलाय! शब्दावर दोनदा टकटक केलं की तो अख्खा निवडला जातो, तीनदा केलं की सगळा परिच्छेद, पुढे कंट्रोल सी आणि कंट्रोल व्ही, झालं. हे सगळं माझ्या ओठांवर येऊन थांबलेलं असतं. पण बोलायची सोय नसते, कारण बोललं की समोरचा शांतपणे म्हणतो, 'मला असंच बरं पडतं.'

यावर काय बोलणार?

या कट-कॉपी-पेस्टच्या मागे लॅरी टेस्लर नावाचा माणूस आहे. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क नावाच्या संशोधन केंद्रात त्याने आणि टिम मॉटने मिळून हे बसवलं, आणि कॉम्प्युटर साध्या माणसाला सोपा वाटावा याचा तर त्याने आयुष्यभर ध्यासच घेतला होता. २०२० साली तो गेला. आमच्या सरांना कॉपी करताना त्याने कधी पाहिलं नाही हे एका अर्थी बरंच झालं म्हणायचं.

सर म्हणजे आमचे ऑफिसमधले वरिष्ठ, माणूस अगदी सज्जन, कामात हुशार, आकडे तोंडपाठ. पण त्यांचा लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला की मीटिंगमधले आम्ही सगळे एकदम खाली मान घालून वहीत काहीतरी लिहायला लागतो. आधी डेस्कटॉपवर राइट क्लिक करून रिफ्रेश, परत रिफ्रेश, मग एफ फाइव्ह चार-पाच वेळा कडकड. हे झाल्याशिवाय सर फाइल उघडत नाहीत. त्याने कॉम्प्युटर फास्ट होतो अशी त्यांची पक्की समजूत आहे आणि ती एकट्या त्यांचीच नाही, चांगली शिकलेली माणसं हे करताना मी बघितलीयेत. डेस्कटॉपवर रिफ्रेश केल्याने फक्त समोरची चित्रं पुन्हा मांडली जातात हो, मेमरी साफ होत नाही, वेग वाढत नाही, काही नाही. पण माणसाला काम सुरू करण्याआधी हाताला काहीतरी चाळा लागतो, त्यामुळे त्या रिफ्रेशला मी आता काही म्हणत नाही.

खरोखर स्लो झाला असेल तर रीस्टार्ट करा, हे मात्र मी पोटतिडकीने सांगते. लगेच उत्तर येतं, 'मी तर रोज रात्री बंद करतो.' इथेच गंमत आहे. विंडोज ८ आलं तेव्हा, म्हणजे २०१२ साली, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असली (आणि बऱ्याच मशीनवर ती आपोआपच चालू असते) तर शट डाउन केल्यावर विंडोज आपल्या गाभ्याचा भाग डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच परत उचलतं. रीस्टार्टमध्ये तसं होत नाही, तिथे सगळं नव्याने सुरू होतं. म्हणजे बंद करून चालू करणं आणि रीस्टार्ट करणं एकच नाही. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा, तिथे अप टाइम, म्हणजे शेवटचं नव्याने सुरू झाल्याला किती वेळ झाला तो, लिहिलेला असतो. सरांना तो दाखवला तेव्हा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले, आणि मग म्हणाले, 'म्हणजे एवढे दिवस हा झोपलाच नाही?' त्या दिवशी त्यांनी लॅपटॉपला प्रेमाने रीस्टार्ट केलं.

बाकी त्यांचा पासवर्ड टाकणं हा वेगळाच सोहळा. 'जरा तिकडे बघा हं' असं सगळ्यांना सांगणार, आम्ही आज्ञाधारकपणे भिंतीकडे बघणार, आणि मग सर एका बोटाने पासवर्ड टाइप करताना प्रत्येक अक्षर तोंडाने पुटपुटणार. कॅपिटल असलं तर 'कॅपिटल' असंही म्हणणार. शेवटचा आकडा दर महिन्याला एकने वाढतो हे आता सगळ्या मजल्याला माहीत झालंय. यात त्यांचा तरी काय दोष, आकडा घाला, चिन्ह घाला, कॅपिटल घाला, सारखा बदला, हा नियम वरूनच आलेला. त्याची जगभर चाल पडली ती अमेरिकेतल्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या २००३च्या मार्गदर्शिकेवरून. ज्या बिल बर यांनी ती लिहिली त्यांनीच पुढे २०१७मध्ये त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो असं सांगितलं, आणि त्याच वर्षी निस्टनेही नियम बदलले, की पासवर्ड लांब असू दे, विनाकारण सारखा बदलायला लावू नका. चार-पाच असंबद्ध शब्द एकापुढे एक जोडले की लक्षातही राहतं आणि ओळखायलाही अवघड जातं. हे मी सरांना सांगितलं, त्यांना पटलंही. पण आता ते शब्द पुटपुटतात, आणि अक्षरांपेक्षा शब्द भिंतीकडे तोंड केलेल्या माणसालाही चांगले ऐकू येतात.

सांगायला गेलं तर टिप्स हजार आहेत. पण माझ्या मते टिप द्यायची वेळ एकच, माणूस अडला असेल तेव्हा. सुखात असलेल्या माणसाला शॉर्टकट सांगणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा. सरांना महिनाभर कंट्रोल शिफ्ट टी सांगून काही उपयोग झाला नव्हता. एकदा अर्धा तास भरलेल्या शोधाशोधीचा टॅब त्यांच्या हातून फुलीवर क्लिक होऊन गेला आणि त्यांचा चेहरा असा काही पडला की मी न विचारता पुढे होऊन ती तीन बटणं दाबली, टॅब परत! तेव्हापासून ते मला दुपारी अधूनमधून हाक मारतात, 'ते तुमचं तीन बटणांचं काय ते करा हो.' स्वतः करत नाहीत. पण असं काहीतरी आहे हे त्यांना कळलं, माझ्या दृष्टीने हेही कमी नाही. याच हिशोबाने विंडोज आणि व्ही एकत्र दाबणं मी राखून ठेवलंय. ते एकदा चालू करून ठेवलं की कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी समोर येतात, पहिली कॉपी दुसरीने पुसली म्हणून रडायला नको. सरांची महत्त्वाची कॉपी कधी पुसली जाते याची मी वाट बघतेय.

घरी आले की नवरा. त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं असं त्याचं म्हणणं आहे, आणि हे फार धोक्याचं असतं. त्याचं कॅपिटल अक्षर लिहिणं बघा एकदा. कॅप्स लॉक दाबणार, दिवा लागला का बघणार, एक अक्षर लिहिणार, परत कॅप्स लॉक दाबणार, दिवा गेला का बघणार. शिफ्ट नावाचं बटण एवढं लांबलचक, दोन्ही बाजूंना एकेक करून दिलंय, ते काय शोभेला? एकदा म्हटलं तर म्हणाला, 'अगं, शिफ्ट धरून ठेवावं लागतं.' पुढे मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

आणि स्क्रीनवरचं काही कोणाला पाठवायचं असलं की साहेब मोबाइल काढतात आणि कॉम्प्युटरचा फोटो घेतात. त्या फोटोत इंद्रधनुष्यासारखे पट्टे, वरती लाइटचा पांढरा गोळा, खाली कीबोर्डवरची धूळ आणि काचेत स्वतःचा एकाग्र चेहरा एवढं सगळं येतं, जे पाठवायचं होतं ते सोडून. विंडोज शिफ्ट एस दाबलं की पडदा मंद होतो, हवा तेवढा चौकोन ओढायचा आणि जिथे द्यायचा तिथे पेस्ट करायचा. हे मी त्याला दाखवलं आणि त्याला फार आवडलं, इतकं की आता तो चौकोन अगदी नीट काटेकोर काढतो, तो फोटोंच्या ॲपमध्ये मोठा करतो, आणि मग मोबाइल काढून त्याचा फोटो घेतो.

काकांचा विषय फोनचा. काका फोन खिशात ठेवण्याआधी चालू असलेली सगळी ॲप्स एकेक करून वर सरकवून बंद करतात, एकही मागे राहता कामा नये, बॅटरी खातात म्हणे. मी त्यांना सांगितलं की काका, अहो ती ॲप्स तिथे नुसती निजलेली असतात, कोणाला ठेवायचं कोणाला काढायचं ते फोन स्वतः बघतो, उलट तुम्ही ती बंद केलीत की पुढच्या वेळी शून्यापासून उघडताना जास्त बॅटरी जाते. पटेना. मग मी पुरावा काढला, २०१६ साली एका ग्राहकाने ॲपलला ईमेल करून नेमकं हेच विचारलं होतं, तुम्ही स्वतः ॲप्स अशी बंद करता का आणि बॅटरीसाठी ते गरजेचं आहे का, आणि तिथले सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडेरिगी यांनी दोन्हीचं उत्तर 'नाही' असं दिलं होतं. अँड्रॉइडवाल्यांचंही म्हणणं तेच. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'त्याला नवीन फोन खपवायचे असतात गं. त्याला काय जातंय सांगायला?' आणि बोलता बोलता माझ्याच फोनमधली सगळी ॲप्स बंद करून फोन परत दिला.

आत्याचं मात्र तसं नाही. ती शिकते. फक्त शिकलेलं कुठे आणि किती वापरायचं याला तिच्याकडे धरबंध नाही. लांबलचक मेसेज लिहायची तिची सवय, आणि वरच्या ओळीत एक अक्षर चुकलेलं दिसलं की खालून मागे मागे पुसत तिथपर्यंत पोचायची, अख्खा मेसेज पुसायची आणि परत लिहायची. ते बघून माझा जीव तुटायचा. मग तिला स्पेसबारची युक्ती सांगितली, आयफोनवर स्पेसबार दाबून धरायचा आणि बोट फिरवायचं, अँड्रॉइडवर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये स्पेसबारवरून बोट नुसतं डावी-उजवीकडे सरकवायचं, कर्सर हवा तिथे जातो. आत्याला ते इतकं जमलं की ती आता टीव्ही बघताना उगाचच कर्सर फिरवत बसते.

एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मी तिला बोलून टाइप करायलाही दाखवलं. कीबोर्डवरचा माइक दाबायचा, बोलायचं, अक्षरं उमटतात. मराठीतसुद्धा. आत्याची बोटं सुटली आणि तोंड कामाला लागलं. काल फॅमिली ग्रुपवर तिचा मेसेज आला, 'सर्वांना कळवण्यात आनंद होतो की रविवारी सगळे आमच्याकडे जमणार आहेत अगं ते दार लाव वारा किती येतोय हो हो बोलतेच आहे मी कोणाकोणाला बोलवायचं ते तूच बघ त्या दोघांना नको'.

मी तातडीने फोन लावला. म्हटलं, 'आत्या, घाबरू नकोस, मेसेज पाठवल्यापासून पंधरा मिनिटं एडिट करता येतो, अजून वेळ आहे. फोन स्पीकरवर टाक, व्हॉट्सॲप उघड, त्या मेसेजवर बोट दाबून धर.'

'धरलं.'

'काही आलं का?'

'तो निळा झालाय.'

'बरोबर, आता वर तीन टिंबं दिसतात का, त्यात एडिट आहे.'

'दिसतात. पण दुसऱ्या हातात चष्मा आहे.'

'मग चष्मा ठेव आणि त्या टिंबांवर बोट ठेव.'

'अगं, पण हे बोट सोडलं तर चालेल का?'

'चालेल आत्या, सोड.'

'नक्की ना? कारण आत्तापर्यंत त्या दोघांनी बघितलेलं दिसतंय, दोघंही टायपिंग करतायत.'