मुतखड्याचं ऑपरेशन ठरलंय? आधी लघवीचं कल्चर करा

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर, वावरात दिवसभर एक बाटली पाणी, आणि बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही असं खारं. कोणत्याही गल्लीत विचारा, मुतखडेवाला निघतोच. म्हणून हे लिहितोय. थोडं लांब आहे, पण घरात कोणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर कृपया शेवटपर्यंत वाचा.

मागच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात बाबांचं ऑपरेशन झालं. उजव्या किडनीत 22 मिलिमीटरचा खडा. पाठीतून छिद्र पाडून दुर्बिणीने फोडायचा होता. लघवीच्या साध्या तपासणीत पस सेल, म्हणजे पू-पेशी, भरपूर आल्या होत्या. दवाखान्यात आम्हाला विचारलं, "कल्चर करायचं तर तीन दिवस थांबावं लागेल, काय करता?" कल्चर म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ते कोणते आणि कोणत्या औषधाने मरतात ते पाहणं. पेरणी तोंडावर आलेली. बाबा म्हणाले, "काऊन थांबाचं? करून टाका ना बाप्पा." मीही मान हलवली. तो निर्णय आमच्यावर सोडायला नको होता, असं मला आजही वाटतं. पण मान मी हलवली, हेही खरं.

ऑपरेशन चांगलं झालं. खडा निघाला, बरणीत घालून दाखवला. हातात गोळ्यांची मोठी पिशवी आली, दहा दिवसांची अँटिबायोटिक. आम्हाला वाटलं, आता इन्फेक्शनची काय बिशाद.

दुसऱ्या रात्री दोनला बाबांना थंडी वाजायला लागली. तीन चादरी टाकल्या तरी लोखंडी पलंग खडखड वाजत होता. मी पाय दाबून धरले होते आणि ते माझ्या हातात थरथरत होते. पहाटे बीपी 80 वर आलं, बोलणं बरळल्यासारखं झालं. ॲम्ब्युलन्सने अमरावती, सहा दिवस आयसीयू. तिथे केलेल्या कल्चरच्या रिपोर्टमध्ये ई. कोलाय निघाला. आणि जी गोळी बाबा घेत होते, तिच्यासमोर आर लिहिलं होतं. आर म्हणजे तो जंतू त्या औषधाला जुमानत नाही. पिशवीभर गोळ्या होत्या, पण त्या जंतूपुढे त्यांचा काहीच उपयोग नव्हता.

त्यानंतर मी जमेल त्या डॉक्टरला विचारत गेलो. समजलं ते असं. लघवीत जंतू असताना खडा फोडला, की ते आणि त्यांचं विष रक्तात जायला वाट मिळते. फोडताना आत पाणी सोडतात, त्याच्या दाबाने हे आणखी सोपं होतं. काही खडे तर जंतूंमुळेच तयार होतात. त्यांच्या पोटातच जंतू बसलेले असतात, तिथे गोळी पोहोचत नाही. म्हणून कधी कधी मूत्राशयातल्या लघवीचं कल्चर साफ येतं आणि खड्याच्या तुकड्यांचं येत नाही. ऑपरेशनमध्ये निघालेल्या खड्याचंही कल्चर करतात, ते यासाठी.

मग अँटिबायोटिक लागतं कधी? लघवीत जंतू निघाले तर ऑपरेशनच्या आधी, रिपोर्टमध्ये एस आलेलं, म्हणजे लागू पडणारं औषध. उत्तर अमेरिकेतल्या एका चाचणीत, ज्यांच्या लघवीत जंतू होते किंवा आधीच नळी टाकलेली होती, त्यांना पाठीतून ऑपरेशन करण्याआधी दोन दिवसांऐवजी सात दिवस औषध दिलं, तर सेप्सिस, म्हणजे बाबांना झालं तसं अंगभर पसरणारं जीवघेणं इन्फेक्शन, कमी झाला. आणि लघवी साफ असेल तर चिरा देण्याआधीच्या तासाभरात एक डोस, फार तर 24 तास. पुढे दहा दिवस गोळ्या खाऊन जास्तीचं संरक्षण मिळत नाही. उलट पोट बिघडतं, आणि पुढच्या वेळी तीच गोळी चालेनाशी होते. मात्र डॉक्टरने कारण सांगून कोर्स दिला असेल तर तो माझी पोस्ट वाचून बंद करू नका. कारण विचारा, एवढंच म्हणतोय.

यंदा मार्चमध्ये काकांची पाळी आली. यावेळी मी अडून बसलो. कल्चरचा नमुनासुद्धा नीट द्यावा लागतो. पहिली धार सोडायची, मधली घ्यायची. आणि घरून बाटली भरून एसटीत दोन तास तापवत न्यायची नाही. उन्हात त्यात जंतू वाढतात आणि रिपोर्ट चुकतो. आम्ही काकांनाच लॅबमध्ये नेलं. जंतू निघाले. आठवडाभर रिपोर्टप्रमाणे इंजेक्शनं, मग पुन्हा कल्चर, ते साफ, आणि त्यानंतर ऑपरेशन. भूल देताना एक डोस दिला. ताप आला नाही. तिसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा काकूला पटेचना, "एवढं मोठं ऑपरेशन, अन् गोळ्या एवढ्याशाच?" दुखण्याच्या होत्या, त्या तेवढ्याच.

थांबायला सांगितलं की आपल्याकडे लोक रागावतात, हे मला ठाऊक आहे. दवाखाना पैसे उकळतोय असं वाटतं. पण आयसीयूच्या सहा दिवसांत आमची सोयाबीनच्या बियाण्याची रक्कम गेली, आणि शेवटी पेरणीही लांबलीच.

मेडिकलवाल्या भावांनाही एक विनंती. सेफिक्झिमसारखी औषधं 2014 पासून शेड्यूल एच-वन मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, रजिस्टरला नोंद करायची. पण आमच्या चौकात "आग होते लघवीला" म्हटलं की पाच गोळ्यांची पट्टी कापून मिळते. बाबांनीही ऑपरेशनच्या आधीच्या वर्षात तीनदा अशीच घेतली होती. डॉक्टर म्हणाले, तो जंतू पक्का झाला तो बहुतेक तिथेच.

काकांच्या किडनीत अजून डीजे स्टेंट आहे, म्हणजे किडनीतून मूत्राशयात लघवी उतरावी म्हणून आत ठेवलेली तात्पुरती नळी. ती जास्त दिवस राहिली तर तिच्यावरच खडा चढतो आणि इन्फेक्शन होतं. बरं वाटलं की माणूस ती विसरून जातो. म्हणून काकूने काढायची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली आहे. गुरुवारी सकाळच्या पहिल्या गाडीने त्यांना घेऊन जातोय.