नौदलाच्या ध्वजावरचा क्रॉस नेमका कुणाचा होता?

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत आयएनएस विक्रांत नौदलात दाखल झाली आणि त्याच कार्यक्रमात नौदलाला नवा ध्वज मिळाला. लाल क्रॉस गेला; शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून सुचलेला अष्टकोन आला, त्यात नांगर आणि 'शं नो वरुणः' हे नौदलाचं बोधवाक्य. मराठी माणूस म्हणून मला त्याचा अभिमान आहे. पण तेव्हापासून 'ख्रिश्चनांचा क्रॉस काढून टाकला' असं अनेकजण आनंदाने लिहितात, ते मला अजिबात पटत नाही.

तो सेंट जॉर्जचा क्रॉस, इंग्लंडच्या ध्वजावरचा. परंपरेनुसार हा संत आजच्या तुर्कस्तानातला, रोमन सैन्यातला. इंग्रजांशी त्याचा जन्माने काही संबंध नाही. जॉर्जियाच्या राष्ट्रध्वजावरही त्याचाच क्रॉस आहे. केरळातले ख्रिस्ती तर इंग्रज यायच्या कितीतरी शतकं आधीपासून इथले. आपल्या ध्वजावर हा क्रॉस चर्चमधून आला नव्हता, तो आला ब्रिटिश नौदलाकडून. १९५० मध्ये कोपऱ्यातल्या युनियन जॅकच्या जागी तिरंगा बसला, बाकी रचना तशीच राहिली. २००१ मध्ये क्रॉस काढला, तर नवं निळं बोधचिन्ह आकाश आणि समुद्राच्या निळाईत उठून दिसेना, म्हणून २००४ मध्ये परत आणला. यात धर्म कुठे आला?

याहून बोलकं उदाहरण डेन्मार्कच्या राज्यातल्या ग्रीनलँडचं. तिथले बहुतेक लोक ख्रिस्तीच. डेन्मार्कच्या ध्वजावर क्रॉस, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, आइसलँड सगळ्यांच्या ध्वजांवर क्रॉस. तरी १९८५ मध्ये ग्रीनलँडने लाल-पांढऱ्या वर्तुळाचा ध्वज निवडला. क्रॉसवाला पर्यायही समोर होता. उलट डेन्मार्कच्याच राज्यातल्या फेरो बेटांनी स्वतःची ओळख सांगायला क्रॉसच घेतला, फक्त रंग आपले. म्हणजे एकाच चिन्हात एकाला परकी सत्ता दिसली, दुसऱ्याला आपलं घर.

आपल्या नौदलाच्या ध्वजावरून क्रॉस गेला ते योग्यच झालं, कारण ती वसाहतीची खूण होती. पण १९७१ मध्ये कराचीवर हल्ला करणाऱ्या आपल्या बोटी त्याच ध्वजाच्या होत्या, हे विसरून कसं चालेल? आणि वसईतल्या, घरात मराठीच्या बोली बोलणाऱ्या ख्रिस्ती शेजाऱ्याला 'तुमचा क्रॉस काढला' असं ऐकवणारे महाराजांचं नाव कशाला घेतात? कल्याण-भिवंडीत महाराजांनी आरमाराची जहाजं बांधायला घेतली, तेव्हा त्या कामावर पोर्तुगीज ख्रिस्ती कारागीर होते.