खुलासा : ‘हँगिंग ऑन द टेलिफोन’ हे गाणे मुळात कोणाचे?

‘हँगिंग ऑन द टेलिफोन’ हे गाणे ब्लाँडी या बँडने स्वतः रचले, असे सांगणारा मजकूर समाजमाध्यमांवर फिरत आहे. ते खरे नाही. हे गाणे जॅक ली यांचे असून, ली, पीटर केस आणि पॉल कॉलिन्स या तिघांच्या ‘द नर्व्ह्ज’ या कॅलिफोर्नियातील पॉवर पॉप (गोड चालींचे, जोरकस गिटारचे रॉक संगीत) बँडने ते १९७६ साली आपल्या चार गाण्यांच्या छोट्या तबकडीत प्रथम प्रसिद्ध केले. ब्लाँडीची आवृत्ती १९७८ च्या ‘पॅरलल लाइन्स’ या अल्बममधली आहे. तिच्या आरंभी वाजणारी फोनची घंटा लोकांच्या इतकी कानात बसली आहे, की गैरसमज होणे स्वाभाविकच म्हणावे लागेल. त्याच अल्बममधले ‘विल एनीथिंग हॅपन’ हेही ली यांचेच, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

त्याच मजकुरातला नर्व्ह्जचे ‘अनेक अल्बम’ निघाल्याचा उल्लेखही चुकीचा आहे. बँड चालू असताना त्यांची एवढी एकच तबकडी निघाली, आणि १९७८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी त्यांचे गाणे दुसऱ्यांच्या आवाजात ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेले त्याच वर्षी, बँड मोडला. पुढे कॉलिन्स यांनी ‘द बीट’ आणि केस यांनी ‘द प्लिमसोल्स’ हे बँड काढले. ब्रिटिश गायक पॉल यंग यांनी १९८३ मध्ये गाजवलेले ‘कम बॅक अँड स्टे’ हे गाणेसुद्धा ली यांच्याच लेखणीतले आहे.