मास्तर नसलेले स्टेशन

जपानमधील नागानो प्रांतातल्या एका लहान गावाच्या स्टेशनवर मी पहिल्यांदा पाऊल ठेवले, तेव्हा तिथे स्टेशनमास्तर, तिकीटखिडकी किंवा चहावाला यांपैकी काहीच नव्हते. होती ती लाकडी बाके आणि त्यांवर कुणीतरी घरी शिवून ठेवलेल्या बैठ्या उशा. अशा कर्मचारी नसलेल्या स्टेशनाला तिकडे 'मुजिन-एकी' म्हणतात. आपल्याकडे गाडीविषयी शंका आली, तर फलाटावरच्या चार जणांना विचारावे आणि पाच उत्तरे घेऊन यावे. इथे विचारायचे तर त्या उशांनाच विचारावे लागले असते.

वेळापत्रकात दहाच्या तासापुढे मिनिटांचा एकच आकडा होता आणि अकरा व बाराच्या पुढे नुसताच कोरा कागद. त्या एकमेव आकड्याला दोन डब्यांची गाडी आली, आणि मी अदबीने दुसऱ्या डब्याच्या दारासमोर ते उघडण्याची वाट पाहत उभा राहिलो. या गाडीत गार्ड नसतो, एकटा चालकच सगळे पाहतो, म्हणून अशा स्टेशनावर पहिल्याच डब्यात चढायचे असते, आणि आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दारही प्रवाशानेच बटण दाबून उघडायचे असते, हे सारे मला गाडी निघून गेल्यावर कळले. दादरला ज्याला गर्दीने उचलून डब्यात चढवले आहे, त्याला बटण कुठून सुचणार?

तीन तासांनी आलेल्या गाडीचे बटण एका शाळकरी मुलीने दाबले आणि मी तिच्या मागोमाग आत शिरलो. दाराजवळच्या यंत्रातून तिने एक चिठ्ठी ओढून घेतली. ती तिची खासगी बाब असावी, असे समजून मी नजर वळवली. आपण कुठे चढलो ते त्या चिठ्ठीवरचा आकडा सांगतो, आणि चिठ्ठी नसेल तर गाडी जिथून निघाली तिथपासूनचे भाडे भरावे लागते. इतक्यात पांढरे हातमोजे घातलेल्या चालकाने सिग्नलकडे बोट रोखून "शुप्पात्सु शिन्को!", म्हणजे 'निघायचा सिग्नल मोकळा!', असा खणखणीत पुकारा केला. तो मलाच उद्देशून आहे, असे वाटून मी ताडकन उभा राहिलो आणि "हाइ!" असा जपानी होकार दिला. डब्यात कुणीही हसले नाही, हे फार लागले.

उतरताना माझ्या हातात दहा हजार येनची नोट होती. भाड्याच्या पेटीला जोडलेले यंत्र हजाराची नोट मोडून देते, दहा हजारांची नाही. एसटीचा कंडक्टर अशा वेळी खेकसला असता, तर मला निदान धीर आला असता. हा चालक मात्र कमरेत वाकून गप्प उभा राहिला. शेवटी मागच्या बाकावरच्या एका आजीबाईंनी बटव्यातून हजाराच्या दहा नोटा मोजून काढल्या आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरल्या. पहिली नोट यंत्रात सारताच नाण्यांचा ढीग खळखळत खाली आला, आणि त्यातली नाणी मी एकेक करून उजेडात धरून निवडत असताना सबंध डबा आदराने खिडकीबाहेर पाहत राहिला.

मी फलाटावर उतरलो. दार मिटता मिटता ध्वनिक्षेपकावर चालकाचा आवाज आला: गाडीला दोन मिनिटे उशीर झाल्याबद्दल तो प्रवाशांची क्षमा मागत होता.