अंतर्मुख पात्राला बोलतं करण्याची घाई

कथालेखनाबद्दलचा एक सल्ला गेली काही वर्षं सारखा फिरतो आहे. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. लघुकथेत अंतर्मुख माणूस नायक म्हणून चालत नाही. तो काही करत नाही, त्यामुळे कथा पुढं सरकत नाही. तो बोलत नाही, त्यामुळे संवाद मरतात. अंतर्मुखता म्हणजे शेवटी भित्रेपणाच, आणि अशा माणसाच्या सोबतीत वाचक कंटाळतो. तरीही असं पात्र घ्यायचंच असेल, तर शेवटी त्याला कोशातून बाहेर काढा, नाहीतर पात्राचा विकास झाला असं म्हणता येणार नाही.

हा सल्ला मी एकदा पाळला आहे, आणि त्यात एका चांगल्या कथेचं वाटोळं झालं. त्यामुळे यातला एकेक मुद्दा नीट तपासून पाहावा असं मला फार दिवस वाटत होतं.

पहिला मुद्दा: अंतर्मुख पात्र काही करत नाही. इथं ‘करणं’ म्हणजे हातपाय हलवणं असं धरलेलं आहे. हर्मन मेलव्हिलची बार्टलबी या नकलनविसाची कथा 1853 साली आली. वकिलाच्या कचेरीत कागदांच्या नकला करणारा हा शांत माणूस एक दिवस सांगितलेलं काम करायला सौम्य शब्दांत नकार देतो. मग दुसरं काम नाकारतो, मग तिसरं, आणि शेवटी कचेरी सोडून जायलाही नकार देतो. ना आवाज चढवतो, ना कारण सांगतो. मालक हैराण होतो, विनवण्या करतो, पैसे देऊ करतो आणि शेवटी आपलंच बिऱ्हाड दुसऱ्या इमारतीत हलवतो. एक माणूस जागचा हलत नाही म्हणून अख्खी कचेरी हलते! बार्टलबीला नुसतं ‘अंतर्मुख’ म्हणून मोकळं होता येणार नाही, त्याच्यात त्याहून गडद काहीतरी आहे. पण कथेला गती यायला नायकानं धावपळ करावी लागते, हा समज मोडायला तो एकटा पुरेसा आहे.

जेम्स जॉइसच्या ‘डब्लिनर्स’ या 1914 च्या संग्रहातली एव्हलिन आठवा. सुरुवातीला ती खिडकीशी बसून आहे. शेवटी ती बंदरावर लोखंडी कठडा घट्ट धरून उभी आहे, पलीकडून प्रियकर हाका मारतो आहे, बोट सुटायची वेळ झाली आहे, आणि तिचं पाऊल उचलत नाही. घटना म्हणून सांगायची तर एक मुलगी बोटीत चढली नाही, एवढीच. पण त्या न चढण्यात तिची आई, तिनं आईला दिलेलं वचन, बापाची दहशत, घरातली धूळ, सगळं उतरलेलं आहे. कादंबरीला अनेक वळणं परवडतात. लघुकथेला बहुतेक वेळा एकच वळण पुरतं, आणि ते मनात घेतलेलं असलं तरी वळणच असतं.

दुसरा मुद्दा संवादांचा. मला वाटतं, यात गणिताचीच चूक आहे. बोलक्या पात्राला वीस वाक्यं दिली तर त्यातली अठरा वाचक वरवर वाचून पुढं जातो. कथाभर गप्प असलेला माणूस दोन वाक्यं बोलला, तर ती दोन्ही लक्षात राहतात. गोगोलच्या ‘ओव्हरकोट’मधला (1842) अकाकी अकाकियेविच हाही नकलाच करणारा कारकून. त्याला ते काम मनापासून आवडतं. काही अक्षरं त्याची लाडकी आहेत, ती आली की त्याचा चेहरा खुलतो. घरी गेल्यावरही तो केवळ हौसेनं नकला करत बसतो. कचेरीतले लोक त्याची टर उडवतात, डोक्यावर कागदाचे कपटे टाकतात, तो मान खाली घालून लिहीत राहतो. चेष्टा फारच झाली, हाताला धक्का बसून काम अडलं, की तेवढंच म्हणतो: मला सोडा, का छळता मला? नवीनच नोकरीला लागलेला एक तरुण, इतरांचं पाहून चेष्टेत सामील झालेला, हे ऐकून जागच्या जागी थबकतो. पुढं कितीतरी वर्षं, अगदी आनंदाच्या क्षणीसुद्धा, त्या माणसाचा आवाज त्याच्या कानात येत राहतो, आणि त्या शब्दांमागून ‘मी तुझा भाऊ आहे’ असं त्याला ऐकू येतं. अकाकी दिवसभर बडबडणारा असता तर हा परिच्छेद लिहिताच आला नसता.

अंतर्मुख पात्र लिहिताना हाताशी असलेली साधनं वेगळी असतात, एवढंच. त्या माणसाची नजर कशावर थांबते, कुठल्या प्रश्नाला तो उत्तर न देता उठून पाणी आणायला जातो, कुठली वस्तू तो रोज त्याच जागी ठेवतो, हे लिहावं लागतं. त्याच्या मनातला सूर निवेदनात मिसळावा लागतो, म्हणजे ‘तिला वाटलं’ असं न म्हणताही ते तिचंच वाटणं आहे हे वाचकाला कळतं. हे अवघड आहे, मान्य. पण लेखकाला अवघड जातं, हा पात्राचा दोष कसा?

आता तिसरा मुद्दा, आणि इथं मला राग येतो, कारण याची झळ कथेबाहेरच्या माणसांनाही लागते. अंतर्मुखता म्हणजे भित्रेपणा, लाजाळूपणा, माणूसघाणेपणा. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगनं 1921 मध्ये ‘मानसशास्त्रीय प्रकार’ या ग्रंथात अंतर्मुख आणि बहिर्मुख या कल्पना मांडल्या, तेव्हा त्याचा भर मनाच्या ओढीच्या दिशेवर होता. कुणाचं चित्त बाहेरच्या वस्तूंकडे आणि माणसांकडे धावतं, कुणाचं ते स्वतःत उमटलेल्या ठशाकडे वळतं. दोन्ही ओढी प्रत्येकात असतात, एक जोरकस असते. पुढं हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञानं याचा संबंध मेंदूच्या उत्तेजनाशी जोडला. त्याच्या मांडणीनुसार अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच अधिक जागा असतो, त्यामुळे बाहेरचा गलबला त्याला लवकर पुरे होतो. या दोन्ही मांडण्यांत भीती हा गाभा नाही. लाजाळू माणसाला लोकांत जायचं असतं, पण लोक काय म्हणतील या धास्तीनं तो अडखळतो. अंतर्मुख माणूस लोकांत छान मिसळूनही तासाभरानं उठतो, कारण त्याला आता शांतता हवी असते. एकाच माणसात दोन्ही असू शकतं, म्हणून दोन्ही एकच ठरत नाही.

या मुद्द्यासाठी पुष्कळदा चेखवच्या बेलिकोवकडे बोट दाखवलं जातं. ‘कोशातला माणूस’ या 1898 च्या कथेतला हा ग्रीक शिकवणारा मास्तर लख्ख उन्हातही रबरी जोडे घालून, छत्री घेऊन बाहेर पडतो. त्याची छत्री, घड्याळ, खिशातला चाकू, सगळं गवसणीत असतं. पाहा, अंतर्मुख माणसाचं असं होतं, असं म्हणतात. पण कथा नीट वाचा. बेलिकोव सहकाऱ्यांच्या घरी न बोलावता जातो आणि तासभर गप्प बसून राहतो. कुणी काय केलं, वरिष्ठांना काय वाटेल, हाच त्याला घोर. पंधरा वर्षं त्यानं साऱ्या शाळेला आणि गावाला आपल्या भीतीच्या मुठीत ठेवलं, असं चेखवचा निवेदक सांगतो. आपल्या कोशात सगळ्यांना कोंबू पाहणारा माणूस आहे तो. आत वळलेल्या माणसाला इतरांच्या आयुष्यावर एवढी पाळत ठेवायला फुरसत नसते.

याच्या उलट चेखवचाच इओना, 1886 च्या ‘दुःख’ कथेतला घोडागाडीवाला. त्याचा मुलगा नुकताच वारला आहे आणि ते कुणाला तरी सांगावं म्हणून तो तडफडतो आहे. एक अधिकारी, तीन टवाळ तरुण, अड्ड्यावरचा झोपाळू पोरगा, कुणालाच ऐकायला वेळ नाही. शेवटी तो घोडीला सगळं सांगतो. हा माणूस एकाकी आहे, पण अंतर्मुख म्हणावा असं त्याच्यात काही दिसत नाही. त्याला बोलायचंच आहे! एकाकीपण हा जगानं लादलेला उणेपणा, आणि अंतर्मुखता ही स्वभावाची ठेवण. या दोहोंची गल्लत केली, की गप्प बसलेल्या प्रत्येक माणसाची कीव करायची सवय लागते.

वाचकाच्या कंटाळ्याबद्दल फार लिहीत नाही. एकट्यानं, गप्प बसून, न पाहिलेल्या माणसाच्या मनात शिरायचं हेच तर वाचन. ज्याला हे आवडतं त्याला गप्प पात्राचा कंटाळा येईल असं गृहीत धरणं मला पटत नाही. फ्रँक ओकॉनर या आयरिश कथाकारानं 1960 च्या दशकात लघुकथेवर लिहिलेल्या पुस्तकाचं नावच ‘एकाकी आवाज’ असं आहे. समाजाच्या कडेला असलेली माणसं हीच या साहित्यप्रकाराची खरी वस्ती, असं तो म्हणतो, आणि सुरुवातीलाच हाताशी धरतो ते अकाकीला.

राहिला शेवटचा मुद्दा, कोश फोडण्याचा. वरवर हाच सगळ्यात मायेचा वाटतो. पात्राचं भलं व्हावं, त्यानं मोकळं व्हावं! पण याच्या पोटात एक निकाल आधीच देऊन ठेवलेला आहे: अंतर्मुखता हा आजार आहे आणि शेवटचं पान हा त्यावरचा उतारा. बहिर्मुख नायकानं शेवटी गप्प व्हावं, एका खोलीत शांत बसायला शिकावं, तरच त्याचा विकास झाला, असं कुणी सांगतं का? मग बदलाची सक्ती एकाच बाजूला का? स्वभाव न बदलता माणूस वाढू शकतो. त्याला नवं काही दिसू शकतं, जुनं काही सुटू शकतं, एखाद्या गोष्टीचा अर्थ वीस वर्षांनी लागू शकतो. कथेला एवढं पुरतं.

विरोधकांच्या हाती एक चांगली कथा आहे, ती मीच पुढं ठेवते. जॉइसच्या ‘डब्लिनर्स’मधलीच, मिस्टर डफीची. बँकेत रोखपाल, एकटा राहणारा, नेमस्त. स्वतःबद्दल मनातल्या मनात तृतीय पुरुषी, भूतकाळी वाक्यं रचायची त्याला सवय आहे. एका विवाहित बाईशी त्याची मैत्री जुळते. एका संध्याकाळी ती भावनावेगानं त्याचा हात गालाशी नेते आणि तो संबंधच तोडून टाकतो. चार वर्षांनी तिच्या रेल्वेखालच्या मृत्यूची बातमी तो वर्तमानपत्रात वाचतो. आधी त्याला किळस येते, मग हळूहळू आपण काय केलं ते उमगतं. हा अंतर्मुखतेवरचा आरोप आहे का? अंशतः आहे, आणि तो टाळू नये. आतल्या शांततेचा माज चढू शकतो. आपण थोडं बोलतो म्हणून खोल आहोत, असं वाटू लागणं हीही एक आंधळी जागा. पण डफीचा अपराध गप्प राहण्याचा नाही, कारण त्या बाईशी तो भरभरून बोलतच होता. समोरच्याचं मन जिथं सुरू झालं तिथं त्यानं दार लावलं, हा त्याचा अपराध. असं दार लावायला बोलकी माणसंही कमी करत नाहीत. शिवाय जॉइस त्याला शेवटी बोलतं करत नाही. तो काळोखात उभा राहतो, ऐकतो, आणि आपण एकटे आहोत हे त्याला जाणवतं. कळणं आतच घडतं, आणि म्हणून ते इतकं भेदक होतं.

याच कारणानं मला हल्लीचा उलटा सूरही मानवत नाही, ज्यात प्रत्येक अंतर्मुख पात्र आतून प्रतिभावंत किंवा संत निघतं. तोही त्याला माणूस म्हणून न पाहण्याचाच प्रकार. गप्प माणूस हट्टी असतो, चुकतो, कधी दुष्टही वागतो. पण त्याच्याकडे एक गोष्ट पुष्कळदा असते, आणि कथाकारानं तिची किंमत ओळखावी. बाकीचे बोलत असताना तो ऐकत असतो, पाहत असतो. त्यामुळे घरातल्या, कचेरीतल्या, नात्यांतल्या पुष्कळ गोष्टी फक्त त्याच्यापाशी शिल्लक राहिलेल्या असतात.

माझी कथा नेमकी याबद्दलच होती. वडील गेल्यावर भावंडं घरातल्या वस्तूंची वाटणी करायला जमतात. चौघं हिरिरीनं बोलतात, थोरली बहीण बोलत नाही. ती फोटोंचा जुना डबा घेऊन कोपऱ्यात बसते आणि एकेका फोटोच्या मागं पेन्सिलीनं नावं लिहू लागते, कारण म्हाताऱ्या वडिलांशेजारी बसून ती नावं फक्त तिनं ऐकली होती. एका संपादकांनी कळवलं, कथा चांगली आहे पण शेवटी नायिकेला बोलतं करा. मी केलं. छापून आलेल्या कथेत ती डबा आपटते आणि दीड पान बोलते. काही वाचकांनी तिचं कौतुकही केलं. मला ती कथा परत वाचवत नाही, कारण ते दीड पान तिचं नाहीच, माझ्या आज्ञाधारकपणाचं आहे.

गेल्या महिन्यात ते पान मी काढून टाकलं. आता धाकटा भाऊ तिच्याजवळ येऊन उभा राहतो. विचारतो, “ताई, तुला काय हवंय यातलं?” ती मान वर न करता हातातला फोटो त्याच्यापुढं धरते. “आत्याच्या शेजारी उभी आहे ती कोण, आठवतं तुला?” त्याला आठवत नाही. तो खुर्ची ओढून तिच्या बाजूला बसतो.