युद्धातून पळून आलेला माणूस संशयित कसा?

'बॉम्ब पडला की साधा माणूस सूड घ्यायला अतिरेक्यांना जाऊन मिळतो, म्हणून युद्धातून आलेल्या निर्वासितांना थारा देऊ नका.' हा संदेश धडाधड पुढे पाठवला जातोय. तो चुकीचा तर आहेच, पण क्रूरही आहे.

आधी आकडे बघा. सीरियात युद्धामुळे निम्म्याहून अधिक लोकांना, म्हणजे एक कोटीहून जास्त माणसांना, घरदार सोडावं लागलं. 'इस्लामिक स्टेट' ही अतिरेकी संघटना ऐन भरात असताना, २०१४ मध्ये, अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेच्या अंदाजानुसार तिचे लढवय्ये होते २०,००० ते ३१,५००. तेही सीरिया आणि इराक मिळून, आणि त्यांत हजारो परदेशी. ट्युनिशियात तर युद्ध नव्हतं, तरी तिथून हजारो तरुण गेले. बेघर झालेल्या बहुतेकांनी पोराबाळांना घेऊन जीव वाचवला, बस.

सुडाचं म्हणाल, तर त्यात तथ्य आहे. पण सूड कुणावर? संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने आफ्रिकेतल्या आठ देशांत अशा संघटनांत गेलेल्यांशी बोलून २०२३ मध्ये अहवाल काढला. एखाद्या विशिष्ट घटनेमुळे आपण वळलो असं सांगणाऱ्यांपैकी ७१ टक्क्यांनी मानवी हक्कांच्या पायमल्लीकडे बोट दाखवलं, आणि ती करणारी बऱ्याचदा त्यांच्याच सरकारची सुरक्षा दलं होती. स्वतःहून गेलेल्यांपैकी एक चतुर्थांश लोकांचं मुख्य कारण तर रोजगार होतं. इराकमध्येही हेच दिसतं. मे २००३ मध्ये तिथल्या अमेरिकी प्रशासनाने एका आदेशाने इराकचं सगळं सैन्य बरखास्त केलं. लाखो शस्त्र चालवता येणारी माणसं एका फटक्यात बेकार आणि अपमानित झाली. पुढे 'इस्लामिक स्टेट'ची घडी बसवणाऱ्यांत सद्दामच्या सैन्यातले जुने अधिकारी होते. हे बॉम्बने आपोआप घडलं नाही. कुणीतरी निर्णय घेतला म्हणून घडलं, आणि तो टाळता आला असता.

'जाऊन मिळतो' हेही सरसकट खरं नाही. नायजेरियातल्या बोको हराम या अतिरेकी संघटनेने २०१४ मध्ये चिबोकच्या शाळेतून २७६ मुली उचलून नेल्या. त्या काय मिळायला गेल्या होत्या?

आणि निर्वासित? २०१७ च्या मे-जूनमध्ये इराकच्या मोसुल शहराच्या पश्चिम भागातून निसटू पाहणाऱ्या दोनशेहून अधिक नागरिकांना 'इस्लामिक स्टेट'ने ठार केल्याचं संयुक्त राष्ट्रांनी नोंदवलंय. त्या गोळ्यांतून जे वाचले, त्यांनाच हा संदेश अतिरेक्यांच्या रांगेत बसवतोय.