खपली चालत नाही, ज्वारी चालते

सोलापुरातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक निरोप सारखा फिरतोय : 'ग्लुटेन नको असेल तर खपली गहू वापरा. ज्वारीला चिकटपणा नसतो, तिचे केक-लाडू होत नाहीत; त्यासाठी बदामाचं पीठच लागतं. वजन उतरवायचं तर सगळ्यांनीच गहू सोडा.' माझ्या भाचीला सीलिअ‍ॅक आहे. या आजारात ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, अजिबात चालत नाही. तो निरोप वाचून तिच्या आजीनं तिच्यासाठी खपलीची हुग्गी (गव्हाची खीर) करायला घेतली, म्हणून लिहिते.

खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन असतंच. खपलीनं साखर हळू वाढते, हे लोक सांगतात तो विषय वेगळा. सीलिअ‍ॅकमध्ये ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. पोट दुखलं नाही तरी आत इजा होत राहते, त्यामुळे 'एक वाटीनं काय होतंय' हे तिला म्हणू नका. रवा, मैदा, शेवया, लापशी सगळं गव्हाचंच. जवातही ग्लुटेन असतं. डबीतल्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.

निरोपात गिरणीचा उल्लेखच नाही, आणि खरा धोका तिथंच आहे. आपल्याकडे पाकिटावर 'ग्लुटेन-मुक्त' लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. गव्हाच्या दळणामागून ज्वारी दळली, तर जात्यात अडकलेल्या पिठानंच ती मर्यादा ओलांडू शकते. बहिणीनं घरघंटी घेतली; तिच्यात गहू कधीच पडत नाही.

चिकटपणाचं म्हणाल तर भाकरी थापणारीला हे सांगायला नको. उकळतं पाणी घातलं की पिठातला स्टार्च फुगतो आणि पीठ धरतं. लाडवाला तर तूप-गुळाचीच पकड पुरते. केकसाठी मी एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी तांदळाचं पीठ, दही, गूळ, तेल घेते. चमचाभर जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून त्यात घालते. (जवस, जव नव्हे!) पीठ वीस मिनिटं मुरवून सोडा अगदी शेवटी घालते. मैद्याइतका तो फुगत नाही, हे खरं. लहान वाट्यांत केला तर मोडत नाही.

बदामाच्या पिठावर पैसे घालवायची गरज नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, ती आपल्याच जिल्ह्यातली. सोबतीला शेंगदाण्याचा कूट घरोघरी असतो.

नुसता गहू सोडून वजन उतरत नाही. ज्वारीच्या लाडवातही तूप-गूळ तेवढाच. उलट सीलिअ‍ॅकची शंका असेल, तर रक्ततपासणीआधी गहू बंद करू नका. बंद केला तर आजार असूनही तपासणीत दिसणार नाही, असं होऊ शकतं.

आजीनं त्या दिवशी हुग्गीत खपलीऐवजी ज्वारीच्या कण्या घातल्या. ज्वारी निवडताना गव्हाचे चार दाणे निघाले, म्हणून तिनं ती पुन्हा निवडली.